पांढरे मोजे

कुकरची तिसरी शिट्टी झाली की आमची शाळा भरते.
पटावर दोघंच. शर्विल सात, ओवी साडेचार.
जिन्यात भेटल्या की आक्का विचारतात,
'अजून न्हाई व्हय घातलं कुठं?
घरात बसून काय शिकत्यात पोरं?'
मी पिशवी या हातातून त्या हातात घेते.

जंगली प्राण्यांचा तक्ता
महाद्वार रोडवरून आणलेला, वीस रुपयांचा.
सिंह, झेब्रा, जिराफ,
जागा उरली म्हणून कोपऱ्यात एक ससा.
'यातलं आपल्याकडचं कोण?' ओवीनं विचारलं.
मी तक्ता उलटा केला, कोऱ्या बाजूनं लावला.

तिथं आता शर्विलच्या अक्षरात
रंकाळ्याचा पाणकावळा आहे,
गोठ्यामागचं मुंगूस, पिंपळावरची वटवाघळं (व उलटा),
आणि सगळ्यात मोठा, दोन खडू संपवून,
गवा.

गव्याला पुस्तक लागलं नाही.
गेल्या थंडीत तो आपल्या पायानं आला होता
दाजीपूरच्या बाजूनं, नदी धरून,
उसातून उसात, थेट शहराच्या कडेला.
माणसं मोबाईल उंच धरून धावत होती.
यांच्या बाबानं दोघांना लांबच्या बांधावरून दाखवला,
एकदाच, आणि गाडी फिरवली.
'बघितला न्हवं? आता त्याला जाऊ दे.'
माझ्या वर्षभराच्या धड्यांत
एवढं नेमकं वाक्य नाही.

ओवी चित्राजवळ नाक नेऊन बघत राहिली.
काळं अंग, गुडघ्याखाली पांढरं.
'ह्यानं मोजे घातलेत. हा शाळेला जातो?'
शर्विल लोळून हसला.
मी हसले, पण जरा उशिरा.

दुपारी दस्तगीरचाचांकडे गेलो.
गाद्या शिवतात ते, पण त्यांचे पणजोबा चित्तेवान,
दरबारचे चित्ते सांभाळायचे.
कापसाच्या ढिगामागून पत्र्याची पेटी आली,
पेटीतून फडकं, फडक्यातून
वाळल्या आंब्याच्या सालीसारखं काहीतरी:
चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी.
'खाटेवर झोपायचा म्हणं, माणसाशेजारी.
गाडीवर बसवून माळाला न्यायचा.
काळवीट दिसलं, की टोपी काढायची.'
'आणि टोपी असताना काय दिसायचं त्याला?'
'काय न्हाई बाळ. म्हणून तर गप बसायचा.'

ओवीनं टोपी मुठीवर चढवून बघितली. लगेच काढली.

शर्विलचा प्रश्न वेगळा होता.
'पळायला कोण शिकवायचं? पणजोबा?'
'छ्या! माणसाला कुठं येतंय ते.
पिल्लू धरून आणलं तर वाया जायचं.
आईजवळ राहून शिकलेलाच धरायचे.'
सुईत दोरा ओवत, सहज बोलले चाचा.

घरी येईपर्यंत मी तेवढंच वाक्य चघळत होते.
आईजवळ राहून शिकलेलाच.
आक्कांना सांगावं असं पहिलं अर्धं.
आणि दुसरं, धरायचे,
ते मात्र कुणालाच सांगू नये असं.
रात्री मच्छरदाणी खोचताना
दोघांच्या कपाळावरचे केस मागं सारले,
डोळ्यांवर आले होते.

सकाळी तिसऱ्या शिट्टीला वर्ग रिकामा.
ओवी दारापाशी, हातापायांवर,
मावशीच्या लग्नातले पांढरे मोजे चढवलेले,
दोन पायांत, दोन हातांत.
'मी गवा आहे. दार उघड.'
मी तक्त्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.
कडी काढली.

जिन्यात आक्का पाणी भरत होत्या.
'कुठं निघाली गं स्वारी?'
गवा थांबला, फुरफुरला,
एकेक पायरी मोजत उतरत गेला.
मागून शर्विल, बाबाच्या आवाजात,
'जाऊ दे आक्का, त्याला जाऊ दे.'